३८३ च्या पैशात ३०५ : बोटीच्या इंजिनापायी गेलेले ६,८५,९०० रुपये

बोटीचे इंजिन अधिक ताकदीचे करून घेण्याच्या व्यवहारात ३८३ घनइंचांचे म्हणून ३०५ घनइंचांचे लहान इंजिन माझ्या गळ्यात मारले गेले, माझे ६,८५,९०० रुपये बुडाले आणि बदल्यात दिलेले, दुरुस्त होण्याजोगे जुने इंजिनही हातचे गेले. हे लिहिताना शरम वाटते, कारण मी या विषयात अडाणी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी (फिटर) या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून मी २८ वर्षे नोकरी केली आणि प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच महिन्यात एकच गोष्ट बजावून सांगितली, की आधी मोजा आणि मग हात लावा. जी वस्तू मी पैसे मोजून विकत घेतली, ती मात्र मी मोजली नाही.

निवृत्तीनंतर मुलासाठी मी एक जुनी अमेरिकन बनावटीची बोट घेतली होती. रामटेकच्या बाजूला एका जलाशयावर तो हिवाळ्याच्या हंगामात पर्यटकांना फेऱ्या मारून आणतो आणि त्यावर त्याचे घर चालते. बोटीत मर्क्रूझरचे ५.७ लिटरचे, २६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. वयोमानाने त्याच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन उतरले होते आणि सात-आठ माणसे बसली की बोट पाण्यावर उचलली जायला फार वेळ घेत असे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे बोरिंगचे वर्कशॉप आहे. त्याने बोर, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह यांसह संपूर्ण कामाचे १,४०,००० रुपये सांगितले होते. ते मी तेव्हाच करून घेतले असते तर आज हे लिहिण्याची वेळ आली नसती. पण एवढे इंजिन उतरवायचेच आहे तर ताकदही वाढवून घेऊ, हा विचार डोक्यात शिरला.

ज्यांनी ही इंजिने हाताळली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणुकीची सारी जागा याच माहितीत आहे. शेव्हरोलेने १९५५ साली बाजारात आणलेल्या छोट्या व्ही-आठ इंजिनाचा हा वंश आहे. त्यातले ३५० घनइंचांचे, म्हणजे आपले ५.७ लिटरचे इंजिन आणि ३०५ घनइंचांचे, म्हणजे ५ लिटरचे इंजिन बाहेरून एकसारखे दिसतात. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली सरकण्याचे अंतर, ३.४८ इंच आहे. फरक फक्त बोरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात आहे, मोठ्याचा ४ इंच आणि लहानाचा ३.७३६ इंच. मोठ्या इंजिनाच्या ब्लॉकचा (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाचा) बोर ४.०३० इंचांपर्यंत नेऊन त्यात ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनना जोडलेला फिरता दांडा) बसवला की ३८३ घनइंचांचे इंजिन तयार होते. जुन्या बोटींना ताकद देण्याचा हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे आणि मला विकले गेलेले इंजिन कागदावर तेच होते. ३०५ चा ब्लॉक कापून ३८३ होत नाही. बोर साडेसात मिलिमीटरने वाढवायचा म्हटले तर सिलिंडरची भिंतच शिल्लक राहत नाही. दोन्ही जातींची हेडे, मॅनिफोल्ड, माउंटिंग एकमेकांना बसतात, म्हणून रंग मारून उभे केलेले इंजिन आत काय आहे हे बाहेरून सांगत नाही.

विकणारा मनुष्य शेजारच्या राज्यात किनाऱ्यावर बोटींच्या इंजिनांचे वर्कशॉप चालवतो. बोटमालकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटातून त्याचा संपर्क मिळाला. तो मूळचा कोकणातला असल्याचे सांगत असे आणि शुद्ध मराठीत, ‘सर, सर’ करून अतिशय अदबीने बोलत असे. मला फसवले गेले ते गोड बोलण्यामुळे, असे कोणी म्हणेल, पण ते खरे नाही. त्याचे तांत्रिक ज्ञान खरे होते. बोटीच्या इंजिनाला कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) कसा असावा, कार्ब्युरेटर मोटारीचा का चालत नाही, हे त्याने मला पाऊण तास समजावून सांगितले आणि त्यातला शब्दन्‌शब्द बरोबर होता. ज्याला सर्व माहीत आहे तो चुकीचे काम करणार नाही, असे मी गृहीत धरले. चुकीचे काम नेमके कुठे लपवायचे हेही त्यालाच माहीत असते, हे माझ्या लक्षात आले नाही. त्याने एका जुन्या ग्राहकाचा क्रमांक दिला होता आणि त्या गृहस्थांनी तोंड भरून स्तुती केली. विक्रेत्याने दिलेल्या क्रमांकावरचा ग्राहक म्हणजे चौकशी नव्हे.

किंमत ठरली ६,७०,०००. जुन्या इंजिनाचे ६०,००० वजा होऊन ६,१०,०००. १४ ऑगस्ट २०२४ रोजी मी २,००,००० रुपये आरटीजीएसने पाठवले. ९ सप्टेंबरला, घरात गणपती बसलेले असताना, ब्लॉक आणि क्रँक मुंबईत अडकले आहेत असे सांगून त्याने १,५०,००० मागितले. ४ ऑक्टोबरला डायनोवर (इंजिनाची ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चाचणीसाठी ७५,००० गेले आणि २१ ऑक्टोबरला, माल ट्रकवर चढवण्यापूर्वी, उरलेले १,८५,००० गेले. खाते फर्मच्या नावाचे नव्हते, एका बाईंच्या नावाचे साधे बचत खाते होते. फर्मचे खाते पत्नीच्या नावाने आहे, असे उत्तर मिळाले. पक्के बिल माल पोहोचल्यावर येणार होते, ते आजतागायत आलेले नाही. फर्मच्या नावाचे चालू खाते आणि हातात जीएसटीचे बिल या दोन गोष्टी नसतील तर एक रुपयाही देऊ नका, मग समोरचा कितीही मराठी बोलो. डायनोच्या चित्रफितीत काटा ३५२ अश्वशक्तीवर गेलेला दिसत होता. त्या चित्रफितीत ब्लॉकचा क्रमांक एकदाही दिसत नाही, हे मी डिसेंबरनंतर विसाव्यांदा ती पाहताना ओळखले.

आता मी जिथे थांबायला हवे होते त्या क्षणाविषयी. ६ नोव्हेंबरला वाडीतील ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी आणि मुलगा इंजिन उतरवून घ्यायला गेलो. वाहतुकीचे १८,५०० रुपये तिथेच भरले. लाकडी पेटीच्या दोन फळ्या काढल्या, तेव्हा काळ्या चमकदार रंगातले इंजिन पाहून मुलगा हरखून गेला. या ब्लॉकांचा ओतकामाचा क्रमांक मागच्या बाजूला, जिथे फ्लायव्हीलची खोळ जोडली जाते त्या ओठावर वरच्या अंगाला असतो. सप्टेंबरमध्ये आलेल्या छायाचित्रात तो १४०१०२०७ असा होता. ३५० च्या एका पिढीचा तो क्रमांक मी स्वतः पडताळला होता. गोदामात मोबाईलच्या उजेडात तोच क्रमांक शोधला. सारे आकडे जुळले, फक्त शेवटच्या आकड्यावर रंगाचा जाड थर होता. इंग्रजी आकड्यांत एक आणि सात यांत वरच्या आडव्या रेषेचाच काय तो फरक. मी नखाने रंग थोडा खरवडला. आडवी रेष दिसली नाही. १४०१०२०१ हा क्रमांक ३०५ च्या ब्लॉकचा आहे.

मला हे तेव्हा माहीत होते. क्रमांकांची ती यादी माझ्या खिशातल्या वहीत होती. मी तिथूनच त्याला फोन केला आणि विचारले. तो क्षणभरही अडखळला नाही. ‘सर, ओतकामात साचा झिजलेला असला की साताची रेष उमटत नाही, तुम्ही फौंड्री पाहिलेली आहे, तुम्हाला मी काय सांगणार,’ असे तो म्हणाला. मी फौंड्री पाहिलेली आहे. साचा झिजल्याने आकडे पुसट होतात, हेही मी पाहिलेले आहे. पण आकडा पुसट होणे आणि त्याची एक रेष नेमकी गायब होणे यात फरक आहे, आणि हा फरक मी एखाद्या शिकाऊ मुलाला लगेच दाखवून दिला असता. गोदामाचा माणूस गाडी लावायची घाई करत होता, पूर्ण पैसे गेलेले होते, मुलाने हंगामाच्या पहिल्या आठवड्याच्या फेऱ्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या, आणि समोर चूक दिसत असताना ती चूक नसावी, असेच माझ्या मनाला हवे होते. म्हणून मी फोन ठेवला आणि फळ्या परत ठोकायला सांगितल्या. तिथेच हेड खोलून बोरमध्ये व्हर्नियर हे मापक घातले असते तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. न घेतलेल्या त्या मापाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

बिल्टीही मी घरी येऊन नीट वाचली नाही. तिच्यावर ‘जुने यंत्रभाग, किंमत ४०,०००’ असे लिहिलेले होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांवरचा माल पाठवताना ई-वे बिल लागते. त्या मर्यादेच्या आत राहून माल आला आणि त्याची खरी किंमत कोणत्याही सरकारी नोंदीत राहिली नाही. बिल्टीवरची किंमत वाचल्याखेरीज माल सोडवू नका.

क्रेनचे ९,००० रुपये देऊन इंजिन बोटीत बसवले. वाढीव ताकदीला जुना प्रोपेलर पुरणार नाही, असे सांगून त्याने आधीच १९ ऐवजी २१ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर) प्रोपेलर ४२,००० रुपयांना घ्यायला लावला होता. १७ नोव्हेंबरला बोट पाण्यात सोडली. इंजिन मंद चालीवर असताना असा खोल, थरथरणारा आवाज येई की धक्क्यावरची माणसे जवळ येऊन उभी राहत, आणि तो आवाज म्हणजेच ताकद, असे आम्ही धरून चाललो. मीच उत्साहाने बोटीची, मुलगा सुकाणूवर बसलेला असताना छायाचित्रे काढून त्या माणसाला धन्यवादाच्या संदेशासह पाठवली.

वेग मात्र ताशी ५८ किलोमीटरच्या वर जाईना; जुन्या इंजिनावर तो ६४ होता. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाचे फेरे ३,७०० वर थांबत, जेव्हा ते ४,४०० ते ४,८०० यांच्या दरम्यान असायला हवेत. इंजिन अजून रुळलेले नाही, पन्नास तास चालू द्या, असे उत्तर आले. पिच एक इंचाने वाढवली की फेरे साधारण दीडशे ते दोनशेने कमी होतात. म्हणजे दोन इंचांमुळे जास्तीत जास्त चारशे फेरे जातील, बाकीचे कुठे गेले, हा प्रश्न मी त्याला विचारायला हवा होता. प्रोपेलर बदलायला लावण्यामागचा हेतू मला आता दिसतो: फेरे कमी भरले की दोष प्रोपेलरवर ढकलता येतो आणि कमकुवत इंजिनाचे पितळ लगेच उघडे पडत नाही.

आणि वेगाचे जे आश्वासन होते, ते तर साध्या गणितातही बसत नव्हते. पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटीचा वेग, वजन तेच असेल तर, ढोबळमानाने अश्वशक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २६० ची ३५० अश्वशक्ती झाली तरी ६४ चे ७४ किलोमीटर होतील. त्याने ९० सांगितले होते. ९० साठी पाचशेच्या वर अश्वशक्ती लागली असती आणि ती मागच्या ड्राइव्हच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या भागाच्या, गिअरांना सोसलीच नसती. इंजिन बदलून वेग दीडपट होईल असे जो सांगतो, त्याच्याशी पुढे बोलणेच बंद करावे.

८ डिसेंबर, रविवार. तासमापकावर नव्या इंजिनाचे ११ तास झाले होते. सकाळच्या दुसऱ्या फेरीनंतर इंजिन बंद केले आणि पुन्हा सुरू करायला गेल्यावर ते फिरेचना. स्टार्टर एक ठोका देऊन थांबला. प्लग काढले तर तीन सिलिंडरांतून पाणी बाहेर आले. दुसऱ्या दिवशी इंजिन टेम्पोत घालून हिंगण्याला नेले, त्याच विद्यार्थ्याकडे, ज्याच्या १,४०,००० च्या कामाला मी नाही म्हटले होते. त्याने हेड खोलले, बोर गेज घातला, आकडा पाहिला आणि काही न बोलता व्हर्नियर माझ्या हातात दिला. ९४.९ मिलिमीटर. ३८३ असते तर १०२.४ आले असते. क्रँकचा स्ट्रोक ८८.४ आला, ९५ च्या जागी. तो इतकेच म्हणाला, ‘सर, चहा मागवू का?’ खोलण्या-तपासण्याचे ६,४०० रुपये तो घेत नव्हता, ते मी बळेच त्याच्या टेबलावर ठेवले.

पाणी आत कसे शिरले, तेही त्याने दाखवले. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करण्यासाठी पाणी सोडलेले असते. कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ जास्त असेल, तर मंद चालीवर सिलिंडर ते पाणी एक्झॉस्टमधून उलटे ओढून घेतो. या इंजिनात शर्यतीच्या मोटारीसाठी बनवलेला कॅम होता. ज्या आवाजावर आम्ही खूश होतो, तो याच कॅमचा आवाज होता. आणि कॅमविषयीची हीच सूचना त्या माणसाने मला पहिल्या फोनवर स्वतः समजावून सांगितली होती.

यापुढचे सांगताना हात थरथरतो. इंजिनावरचा स्टार्टर आणि अल्टरनेटर साध्या मोटारीचे होते, ठिणगी बाहेर जाऊ न देणारे बोटीचे नव्हते. कार्ब्युरेटर मोटारीचा होता, ज्यात तरंगकक्ष (आतली पेट्रोलची वाटी) भरून वाहिला तर पेट्रोल बाहेर सांडते. बोटीच्या कार्ब्युरेटरमध्ये ते वळवून परत कार्ब्युरेटरच्याच तोंडात सोडलेले असते. पेट्रोल पंपही बोटीचा नव्हता, एका पडद्याचा होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, मोटारीखालून ती निघून जाते, पण बोटीच्या तळाशी साचून राहते, आणि तिला एक ठिणगी पुरते. या इंजिनावर ११ तास माझ्या मुलाने माणसे नेली, त्यात शाळेच्या सहलीची मुले होती. सुरू करण्यापूर्वी तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा चार मिनिटे चालवण्याची शिस्त मी त्याला लावली होती, म्हणून काही घडले नाही. पैशांची फसवणूक मी कदाचित पचवली असती. हे मी सोडणार नाही.

पोलिसांकडे मी ज्या आठवड्यात गेलो त्या आठवड्यात शहरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू होत होते. सगळे बंदोबस्तात आहेत, अधिवेशन आटोपल्यावर या, असे सांगण्यात आले. आटोपल्यावर गेलो. ‘नागपुरात कसली बोट?’ हा पहिला प्रश्न होता आणि बाजूच्या टेबलावरचे दोघे हसले. मी कागद पुढे ठेवले. त्यांनी ते उघडलेही नाहीत. पैसे तुम्ही स्वतः पाठवले, माल तुम्हाला मिळाला, हे दिवाणी प्रकरण आहे, न्यायालयात जा, असे सांगितले. मी म्हणालो, की ३८३ चे पैसे घेऊन ३०५ पाठवणे आणि क्रमांकावर रंग मारणे यात सुरुवातीपासूनचा हेतू दिसतो, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची फसवणूक आहे. त्यावर, मग तो माणूस जिथे राहतो तिथल्या ठाण्यात जा, असे उत्तर मिळाले. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलेले आहे, आणि ते मी छापून नेले होते. अधिकाऱ्यांनी तो कागद परत माझ्याकडे सरकवला. मी सहा वेळा गेलो. सहाव्या वेळी अर्जावर पोच मिळाली, तीही वरिष्ठांना टपालाने तक्रार पाठवल्यानंतर. साठी ओलांडलेल्या माणसाला दर खेपेस दोन-दोन तास बाकावर बसवून ठेवायचे आणि मग साहेब बाहेर गेले आहेत असे सांगायचे, यात कायद्याचे कोणते काम होते ते मला अजून समजलेले नाही. फसवणाऱ्याने निदान माझा फोन पहिल्या घंटीला उचलला होता.

बँकेत गेलो तर तिथेही तेच. ज्या खात्यात पैसे गेले ते आमच्या बँकेचे नाही, आणि व्यवहार तुमच्या संमतीने झाला आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवले तर खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, पण लगेच म्हणजे त्या दिवशी, शक्य तर त्या तासात. माझा शेवटचा हप्ता जाऊन सात आठवडे झाले होते. किनाऱ्यावरच्या त्या गावातील संबंधित कार्यालयाला मी तीन पत्रे नोंदणीकृत टपालाने पाठवली. तिन्ही पोहोचल्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचेही नाही. वाहतूक कंपनी म्हणते, आम्ही पेटी आणली, पेटीत काय होते ते आम्हाला माहीत नाही.

शेवटी ग्राहक आयोगाचा मार्ग धरला. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क फक्त २०० रुपये आहे, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. समोरून आलेल्या वकिलांच्या पत्रात एकच मुद्दा आहे: बोट व्यवसायासाठी वापरली जाते, म्हणून मी ग्राहकच नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला हा अपवाद लागू होत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे, आणि माझा मुलगा ती बोट स्वतः चालवतो. तुमची बोट, गाडी किंवा यंत्र कोण चालवतो याचे पुरावे आजपासून जपून ठेवा. परवाना, फेऱ्यांची वही, इंधनाच्या पावत्या, सगळे. तारखांवर तारखा पडत आहेत. बोट शेडमध्ये उलटी ठेवलेली आहे, आणि मुलगा सध्या दुसऱ्याच्या बोटीवर रोजाने जातो.

गेल्या महिन्यात छत्तीसगडमधून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना एका मोठ्या धरणावर बोट चालवायची आहे. ३८३ इंजिनाविषयी त्यांना माझे मत हवे होते, कारण त्या माणसाने त्यांना माझ्या बोटीचे छायाचित्र पाठवले होते, ज्यात माझा मुलगा सुकाणूवर बसलेला आहे, आणि त्याखाली ‘नागपूरचे समाधानी ग्राहक’ असे लिहिले होते. माझा क्रमांक त्याने दिलेला नव्हता. बोटीवरचा फलक मोठा करून त्यांनी तो स्वतः शोधून काढला होता. मी त्यांना ब्लॉकचा क्रमांक, बोरचा आकडा, बचत खाते, सगळे सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवून सांगितले, की २,००,००० रुपये त्यांनी त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता पाठवले आहेत. घड्याळात तेव्हा पावणेबारा झाले होते. मी त्यांना माझ्याशी बोलणे थांबवून आधी १९३० लावायला सांगितले.